खाडीचा अभ्यास, सहा जणांचा गट आणि एआयची साधनं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारलं आहे: "खाडीतली मासेमारी आणि कांदळवन यांवर आम्ही तीन महाविद्यालयांतले सहा जण मिळून काम करतो. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि समाजशास्त्र हे आमचे विषय. आकडेवारी बघणारे सहकारी मुंबईला असतात आणि पीएच.डी.चे दोन विद्यार्थी प्रत्यक्ष नमुने गोळा करतात. अशा एकत्रित कामात एआयची साधनं कशी वापरावीत? कोणती घ्यावीत? विद्यार्थ्यांना मोकळीक द्यावी का? शोधनिबंधात ते कळवावं लागतं का? आणि पैसे कशावर खर्च करावेत?"

मॅडम, साधनांची नावं पुढे येतीलच, आधी माझं मत सांगतो. तुमच्यासारख्या गटाला एआयचा सगळ्यात मोठा फायदा निबंध लिहून घेण्यात होत नाही. सहा जणांच्या नोंदी एकमेकांना कळाव्यात, एकमेकींशी जुळाव्यात आणि दोन वर्षांनी उघडल्या तरी त्यांचा अर्थ लागावा, यासाठी तो होतो. त्याबरोबर एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. यंत्राकडून आलेली कुठलीही गोष्ट, मग तो संदर्भ असो, मुलाखतीचा उतारा असो की आलेख, गटातल्या एका माणसाने तपासून समोर स्वतःचं नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय सामायिक फोल्डरमध्ये जाऊ नये. "गटाने तपासलं" असा शेरा चालवून घेऊ नका. पुढे कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला एक माणूस उभा राहिला पाहिजे.

किनाऱ्यावरच्या संयुक्त प्रकल्पांत इतकी वर्षं काम करताना मला दिसलेली गोष्ट अशी, की गटात खटके निष्कर्षांवरून फार उडत नाहीत, कॉलमच्या अर्थावरून उडतात. साधा बांगडा घ्या. एक विद्यार्थी थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतो, दुसरा शेपटीच्या खाचेपर्यंत. दोघंही कॉलमवर "लांबी" एवढंच लिहितात. दोन्ही शीट एकत्र केल्या की एका बंदरावरचा बांगडा दुसऱ्या बंदरावरच्यापेक्षा मोठा दिसतो, आणि कुणीतरी त्यामागे अन्नाची उपलब्धता किंवा पाण्याचं तापमान शोधू लागतं. खाडीतल्या क्षारतेचंही असंच. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एकाच धक्क्यावर, एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी घेतलेल्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. पावसाळ्यात तर वरचं पाणी जवळजवळ गोडं आणि तळाचं खारं अशी स्थिती असते. नोंदीत तारीख असेल पण वेळ, भरतीची अवस्था आणि खोली नसेल, तर तो आकडा टाकून द्यावा लागतो. मासळीचं वजन पाटीत, टोपलीत की क्रेटमध्ये, आणि बर्फासकट की बर्फ सोडून, हा आणखी एक सापळा.

इथे भाषा-प्रारूप, म्हणजे चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनी यांपैकी कुठलंही, फार चांगलं काम करतं. सहाही जणांच्या शीटमधले कॉलमचे मथळे आणि नमुन्यादाखल थोड्या ओळी, गावांची आणि माणसांची नावं काढून, त्याला द्या आणि सांगा: "यात कुठल्या मथळ्याचे दोन अर्थ होऊ शकतात, कुठे एकक लिहिलेलं नाही, कुठल्या दोन शीटमध्ये एकाच गोष्टीला वेगळी नावं आहेत, याचे फक्त प्रश्न काढ. उत्तरं तू देऊ नकोस." शेवटचं वाक्य अत्यंत महत्त्वाचं. उत्तर मागितलंत तर ते बिनदिक्कत "लांबी म्हणजे पूर्ण लांबी" असं भरून टाकील, कारण बहुतेक निबंधांत तसं असतं. तुमच्या विद्यार्थ्याने त्या दिवशी धक्क्यावर काय मोजलं हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. प्रश्न मात्र ते असे काढतं, की सहा जणांपैकी कुणाला सुचले नसते. मग सगळ्यांनी एक दुपार बसून त्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. त्यातून जो तयार होतो त्याला मी नोंदकोश म्हणतो: प्रत्येक कॉलमची व्याख्या, एकक, मोजायची पद्धत, हे कुणी ठरवलं आणि कधी. प्रकल्पाच्या सुरुवातीला हे झालं तर नंतरचे कित्येक महिने वाचतात.

जातींच्या नावांबाबत जास्त कडक राहा. तिसऱ्या, मुळे, खुबे ही शिंपल्यांची नावं रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकाच अर्थाने चालत नाहीत. गाव बदललं की कधी आकारावरून, कधी जातीवरून नाव बदलतं. स्थानिक नाव देऊन भाषा-प्रारूपाकडून शास्त्रीय नाव मागू नका. नमुना, पट्टी ठेवून काढलेला फोटो, तो कुठून आला त्याची नोंद आणि तो ओळखणाऱ्या माणसाचं नाव, हा क्रम मोडू नका. शास्त्रीय नाव ठरल्यावर ते आज ग्राह्य आहे का, हे वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज आणि फिशबेसवर बघता येतं. आयनॅचरलिस्टसारखी साधनं फोटोवरून जात सुचवतात आणि नवख्या विद्यार्थ्याला ती सुरुवातीला आधार देतात. पण तिवराच्या दोन जाती, अॅव्हिसेनिया मरिना आणि अॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस, लांबून काढलेल्या हिरव्या फोटोवरून वेगळ्या करणं अवघड असतं. पानाचं टोक आणि फूल दिसलं पाहिजे. तुमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी "हा फोटो पुरेसा नाही" असं म्हटलं, तर तिथे त्यांचाच शब्द शेवटचा माना.

आता मुलाखतींविषयी, कारण समाजशास्त्राचं काम सगळ्यात जास्त वेळखाऊ आहे आणि एआयचा मोहही तिथेच जास्त होतो. ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवायला ओपनएआयचं व्हिस्पर हे 2022 मध्ये खुलं झालेलं प्रारूप आहे. ते तुमच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतं, हा त्याचा मोठा गुण. धक्क्यावर रेंज नसते म्हणून तर तो गुण आहेच, पण कुणाचा आवाज तुमच्या संगणकाबाहेर जात नाही हे त्याहून महत्त्वाचं. प्रमाण मराठीत, शांत खोलीत घेतलेली मुलाखत असेल तर पहिला कच्चा उतारा कामापुरता मिळतो. मालवणी, संगमेश्वरी किंवा दालदी बोली असेल तर उतारा एक तर विस्कटतो किंवा त्याचं गुपचूप प्रमाण मराठी होतं. विस्कटलेला उतारा निदान लक्षात तरी येतो. गुळगुळीत झालेला उतारा जास्त धोक्याचा, कारण वाचणाऱ्याला तो बरोबरच वाटतो. शिवाय बोलणारा थांबला, मध्ये वाऱ्याचा किंवा लाटांचा आवाज आला, तर व्हिस्पर न उच्चारलेली वाक्यंही लिहून मोकळं होतं. 2024 मध्ये इंग्रजी ध्वनिमुद्रणांवर झालेल्या एका अभ्यासात सुमारे एक टक्का उताऱ्यांत अशी मनाची भर आढळली होती. ती इंग्रजीची, बऱ्यापैकी स्वच्छ आवाजाची स्थिती. आपल्या पडावावर, इंजिनच्या घरघरीत ती याहून चांगली असेल असं धरून चालता येणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक मुलाखतीचा उतारा ती मुलाखत घेणाऱ्यानेच मूळ आवाज ऐकत ओळीनओळ दुरुस्त करावा. ते जमणार नसेल तर मुलाखती कमी घ्या. न ऐकलेल्या उताऱ्यांवरून काढलेली "मुख्य सूत्रं" कितीही नेटकी दिसली तरी त्यांना संशोधन म्हणता येत नाही.

मुलाखतींतल्या काळाच्या उल्लेखांबद्दल एक सूचना वेगळी देतो, कारण ती किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनाच लागते. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, तुम्हाला तारीख सांगणार नाहीत. ते सांगतील, नारळी पुनवेनंतरच्या भांगाला अमुक मासा लागला, किंवा मिरग लागायच्या आधी पाणी असं होतं. उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) आणि भांग (लहान भरतीचे दिवस) यांवर त्यांचं सगळं गणित चालतं, आणि ते तुमच्या तारखेपेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण पाण्याची स्थिती त्यातच सांगितलेली असते. या तिथी इंग्रजी तारखांत बदलायला भाषा-प्रारूप वापरू नका. ते तारीख ठामपणे देतं आणि ती चुकू शकते. महिन्यांचा घोळ तर वेगळाच आहे: महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला, त्यामुळे कृष्ण पक्षातल्या एकाच दिवसाला दोन पद्धतींत दोन महिन्यांची नावं येतात. प्रारूपाच्या शिकवणीत दोन्हीकडचा मजकूर मिसळलेला असतो. त्या वर्षाचं छापील पंचांग उघडा, आणि नोंदीत तांडेलांचे मूळ शब्द, तिथी आणि तारीख असे तीन कॉलम ठेवा.

संदर्भ शोधण्याच्या कामात मात्र ही साधनं मनापासून वापरा. सिमॅंटिक स्कॉलर फुकट आहे, अॅलन इन्स्टिट्यूट फॉर एआय या संस्थेने ते 2015 मध्ये सुरू केलं. कनेक्टेड पेपर्समध्ये एक निबंध टाकला की त्याच्या आसपासचे निबंध नकाशासारखे दिसतात. एलिसिट अनेक निबंधांतून पद्धत, नमुन्यांची संख्या, निष्कर्ष असे कॉलम काढून देतं. गूगलचं नोटबुकएलएम तुम्ही चढवलेल्या कागदांपुरतंच उत्तर देण्यासाठी बनवलं आहे आणि उत्तर कुठल्या परिच्छेदातून आलं तेही दाखवतं. गटासाठी ते सोयीचं, कारण सहाही जण एकाच संचावर प्रश्न विचारू शकतात. या सगळ्याच्या मुळाशी झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरची सामायिक लायब्ररी असू द्या. झोटेरो फुकट आहे, आणि एखादा निबंध मागे घेतला गेला असेल तर तशी सूचनाही देतं. गटाचा नियम करा: झोटेरोत निबंध चढवणाऱ्याने त्याखाली स्वतःच्या शब्दांत मराठीत तीन-चार ओळी लिहायच्या. ज्या निबंधाखाली अशा ओळी नाहीत तो आपल्या संदर्भयादीत जाणार नाही. नुसत्या चॅटमध्ये "संदर्भ दे" म्हटलं तर ते अस्तित्वातच नसलेले निबंध खऱ्या लेखकांच्या नावावर बनवून देऊ शकतं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्याहून अवघड प्रकार म्हणजे निबंध खरा, पण त्यात ते विधानच नाही. तो पकडायला वाचण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

पण कोकणापुरती याहून मोठी अडचण आहे. या साधनांना विचारा, "अमुक खाडीतल्या शिंपल्यांवर काय काम झालंय?" आणि बऱ्याचदा उत्तर येतं की फारसं काम झालेलं नाही. ते वाक्य तुमच्या प्रस्तावनेत "या विषयावर अभ्यास उपलब्ध नाही" म्हणून येऊन बसतं, आणि ते अनेकदा खोटं असतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून, गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून, केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेतून कितीतरी काम झालं आहे. त्यातला बराच भाग पदव्युत्तर प्रबंधांत, विद्यापीठाच्या पुस्तिकांत, परिसंवादांच्या छापील खंडांत आहे. इंग्रजी नियतकालिकांवर वाढलेल्या शोधयंत्राला तो दिसत नाही. म्हणून शोधगंगा आणि कृषिकोश ही प्रबंधांची दोन ऑनलाइन भांडारं स्वतः उघडून बघा. मत्स्यिकी संस्था आणि समुद्रविज्ञान संस्था यांची स्वतःची खुली भांडारं आहेत, तीही बघा. एका विद्यार्थ्याला एक दिवस शिरगावच्या ग्रंथालयात पाठवा. जुने प्रबंध स्कॅन करायची परवानगी मिळाली तर ते नोटबुकएलएममध्ये घालता येतात, आणि मग तीच साधनं तुमच्या भागाबद्दल खरंखुरं बोलू लागतात. आपल्या किनाऱ्यावर आधी राबलेल्या माणसांचं काम एका यंत्राला दिसलं नाही म्हणून निबंधातून गळून जाऊ नये, याची मला मनापासून काळजी वाटते.

दर सोमवारी तुमची ऑनलाइन बैठक होत असेल आणि त्याचा सारांश साधनाकडून काढून घ्यायचा विचार असेल तर जरूर काढा. फक्त एक ध्यानात घ्या. अशा सारांशात सगळं एकमताने ठरल्यासारखं दिसतं. "नमुने महिन्यातून दोनदा घ्यायचं ठरलं" असं येतं. पण विद्यार्थिनीने "उधाणाच्या दिवशी त्या जागेवर उतरता येत नाही" असं दबक्या आवाजात म्हटलं होतं, ते गायब होतं. पुढे सहा महिन्यांनी रिकाम्या रकान्यांचं कारण शोधताना नेमकं तेच वाक्य हवं असतं. साधनाला सांगा: निर्णय वेगळे लिही, कुणी हरकत घेतली ते वेगळं लिही, अनुत्तरित प्रश्न वेगळे लिही. मग बैठकीतल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाला तो सारांश तपासायला द्या आणि त्याने केलेली दुरुस्ती वरिष्ठांनी मान्य करायची. तीन महाविद्यालयांतले लोक एकत्र आले की मानापमान आणि ज्येष्ठता येतेच. लेखी हरकतीला जागा असली की बरंच सोपं होतं.

विश्लेषणाबाबत तुमच्या मुंबईच्या सहकाऱ्यांशी आधी एक ठरवा: चॅटमधून आलेला कुठलाही आकडा थेट निबंधात जाणार नाही. साधनाकडून कोड घ्यायचा, आर किंवा पायथनमध्ये, तो आपल्या संगणकावर चालवायचा आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा छोट्या आकडेवारीवर आधी पडताळायचा. ज्यांना कोड येत नाही त्यांना प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत समजावून घेता येतो. हे या साधनांचं मोठं दान आहे, कारण आजवर आकडेवारी ही गटातल्या एकाच माणसाची मक्तेदारी असायची आणि बाकीचे मान डोलवायचे.

पण कोड बिनचूक चालला म्हणजे विचार बिनचूक झाला असं नाही. समजा, कांदळवन शाबूत असलेल्या दोन जागा आणि तोड झालेल्या दोन जागा तुम्ही घेतल्या, आणि प्रत्येक ठिकाणी 10 चौकटींत खेकडे मोजले. हाती 40 आकडे आले. साधनाला सांगितलं की तुलना कर, तर ते अनेकदा 40 स्वतंत्र नोंदी धरून मोकळं होतं आणि फरक लक्षणीय आहे असं सांगतं. प्रत्यक्षात तुम्ही तुलना जागांची करताय, आणि जागा चारच आहेत. एका जागेतल्या 10 चौकटी एकमेकींच्या शेजारणी. त्यांचा चिखल एक, पाणी एक. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये याच चुकीवर गाजलेला निबंध लिहिला आणि तिला छद्म-पुनरावृत्ती म्हटलं. प्रारूपाला या संकल्पनेची माहिती असते. तुम्ही विचारलंत तर ते ती सुरेख समजावून सांगील. विचारायचं मात्र तुम्हाला सुचलं पाहिजे. म्हणून नमुने कसे घेतले, जागा कशा निवडल्या, कोणत्या चौकटी कुठल्या जागेत होत्या, हे सगळं आधी शब्दांत लिहून द्या. "या रचनेत कोणत्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत?" हा पहिला प्रश्न ठेवा. शक्य असेल तर क्षेत्रकामाला निघण्यापूर्वीच विचारा, म्हणजे 10 चौकटींच्या जागी आणखी दोन खाड्या घेता येतील.

काय बाहेर जाऊ द्यायचं नाही, याची यादी तुमच्या गटाने लेखी करावी. फुकट मिळणाऱ्या सेवांत चढवलेला मजकूर पुढच्या प्रारूपांच्या शिकवणीसाठी वापरला जाऊ शकतो. काही ठिकाणी ते सेटिंगमध्ये बंद करता येतं, काही ठिकाणी नाही. आपल्याकडे कोणती माहिती नाजूक आहे याचा विचार बाहेरच्या नियमावलीत नसतो. कासवांच्या घरट्यांच्या नेमक्या जागा, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, दुर्मीळ वनस्पतींचे जीपीएस बिंदू, अजून संरक्षण न मिळालेली कातळशिल्पं, मच्छीमारांनी विश्वासाने सांगितलेल्या मासळीच्या जागा, यातलं काहीही नेमक्या स्थळासकट कुठल्याही ऑनलाइन साधनात घालू नका. पर्ससीन (मोठं वेढा घालणारं जाळं) वापरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला ताण तुम्ही जाणताच. कुठल्या गावचे लोक कुठलं जाळं कधी टाकतात, मासळी ओढायला एलईडी दिवे कुणी लावले, हे मुलाखतीत आलं असेल तर ते त्या माणसाला महागात पडू शकतं. नाव काढलं तरी होडीचं वर्णन, गाव आणि वय यांवरून छोट्या वाडीत माणूस ओळखला जातो.

संमतिपत्रात एक वाक्य वाढवा, साध्या मराठीत: तुमचं बोलणं संगणकाच्या मदतीने लिहून काढलं जाईल आणि ते इंटरनेटवरच्या कुठल्याही सेवेकडे पाठवलं जाणार नाही. आणि मग ते पाळा. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे, पण कायद्याच्याही आधी त्या माणसाने अंगणात बसवून चहा दिला आणि मनातलं सांगितलं, याची बूज राखायला हवी. औषधी वनस्पतींचं किंवा मासेमारीचं पारंपरिक ज्ञान नोंदवत असाल तर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोला. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार अशी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. याखेरीज, तुमच्याकडे परीक्षणासाठी आलेला दुसऱ्याचा अप्रकाशित निबंध किंवा प्रस्ताव चॅटमध्ये टाकू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2023 मध्ये आपल्या परीक्षकांना यावर स्पष्ट बंदी घातली, आणि ती योग्यच आहे.

विद्यार्थ्यांना मोकळीक द्यावी का? माझं उत्तर हो आहे, पण क्रम ठरवून. तुमचे दोघे विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून आले असतील. त्यांना भरतीचं, चिखलाचं, माशांच्या वागण्याचं ज्ञान असतं आणि ते इंग्रजीत मांडताना त्यातलं निम्मं गळून जातं. मार्गदर्शकाला वाटतं मुलाला विषय कळला नाही. खरं तर त्याला वाक्य सापडत नसतं. अशा मुलांसाठी ही साधनं वरदान ठरू शकतात. त्याला सांगा, पहिला मसुदा मराठीत लिही, तुला जसं बोलता येतं तसं. तो तुम्ही वाचा, त्यावर मराठीतच वाद घाला. विचार पक्का झाला की साधनाकडून इंग्रजी करून घ्या आणि मराठी-इंग्रजी समोरासमोर ठेवून वाचा. "दिसून आलं" चं "सिद्ध झालं" झालंय का, "काही मच्छीमारांच्या मते" हे शब्द गळलेत का, एवढं बघा. भाषांतरात हीच बारकी बटणं तुटतात. उलट, विषय देऊन थेट इंग्रजी परिच्छेद मागवला, तर मुलाचं स्वतःचं निरीक्षण त्यात कधी येतच नाही, आणि त्या मुलाला आपल्याकडे सांगण्यासारखं काही होतं हेही कळत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या भागातल्या हुशार मुलांचं सगळ्यात मोठं भांडवल त्यांचं निरीक्षण आहे.

साम्य-टक्केवारी, म्हणजे आपला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो तो आकडा, खाली आणण्यासाठी एआयकडून वाक्यं फिरवून घेण्याची जी पद्धत पडू लागली आहे, ती तुमच्या गटात येऊ देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण दुसऱ्याचा विचार शब्द बदलून स्वतःचा म्हणून मांडला तर टक्केवारी शून्य आली तरी ती चोरीच राहते.

निबंधात कळवावं लागतं का, तर हो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आणि प्रकाशन-नीतीची समिती, दोघींनीही 2023 मध्येच सांगितलं की एआय साधन लेखक होऊ शकत नाही, कारण जबाबदारी घेणं, हितसंबंध जाहीर करणं हे त्याला शक्य नाही. बहुतेक मोठे प्रकाशक वापर कळवायला सांगतात. नियतकालिकागणिक तपशील बदलतो, तेव्हा निबंध पाठवण्याआधी त्यांची लेखकांसाठीची सूचना वाचा. कोणतं साधन, कोणती आवृत्ती, कशासाठी आणि कुणी तपासलं, एवढं दोन वाक्यांत येतं. मघाशी सांगितलेली नाव-तारखेची नोंद ठेवली असेल तर ही दोन वाक्यं लिहायला वेळच लागत नाही. त्याच नोंदीचा दुसरा उपयोग सहलेखकांची नावं ठरवताना होतो. क्रेडिट नावाच्या पद्धतीत योगदानाच्या 14 भूमिका दिलेल्या आहेत: संकल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास (क्षेत्रकाम यातच येतं), विश्लेषण, मसुदा वगैरे. कुणी काय केलं हे त्यात भरा. चिखलात उतरलेल्या विद्यार्थ्याचं नाव मग आभारप्रदर्शनात ढकललं जात नाही.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. प्रकल्पाच्या निधीतून सहा जणांसाठी एआयचं वार्षिक सदस्यत्व घेऊ नका. साधनं आणि त्यांचे दर सारखे बदलतात, आणि तुमचं बहुतेक काम फुकट आवृत्तींवर होईल. विश्लेषणाच्या किंवा लेखनाच्या महिन्यांत एक-दोन खाती महिन्यापुरती घ्या. निबंध मिळवण्यासाठी केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना जानेवारी 2025 पासून सुरू आहे. ती सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे, तुमच्या तीन महाविद्यालयांपैकी कुठलं त्यात बसतं हे ग्रंथपालांना विचारा. वाचलेले पैसे ध्वनिमुद्रणासाठी वाऱ्याचा आवाज अडवणारा बरा माइक, व्हिस्पर चालेल असा एक दणकट लॅपटॉप आणि दोन बाह्य हार्ड डिस्क यांवर घाला. डिस्क दोन वेगळ्या गावांत ठेवा. 2021 च्या जुलैत चिपळूणला पाणी किती चढलं होतं ते आठवा.